पोलिसांच्या गस्ती जीपमध्ये बंदूक नेमकी कुठं ठेवायची? साधा वाटणारा हा प्रश्न जीवघेणा का आहे?

रात्री अकराच्या पुढं राधानगरीहून दाजीपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांची जीप दिसली, तर तिच्यावरचा लाल-निळा दिवा सगळ्यांच्या लक्षात येतो. आत बसलेल्या अंमलदाराकडची बंदूक मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती कुठं असते? बऱ्याचदा त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, नळी वर करून उभी. कधी सीटला टेकवलेली, कधी मांडीवर आडवी. अधिकाऱ्याचं पिस्तूल असतं कमरेला.

यात विशेष काय, असं वाटू शकतं. पण बंदूक कुठं आणि कशी ठेवली होती, या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला आहे. एका माणसाचा पोलीस गाडीतच मृत्यू झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दुसरीकडं, बंदुकीपर्यंत वेळेत हात पोहोचला नाही तर काय होतं, हेही याच महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

म्हणजे गाडीतल्या बंदुकीकडून दोन उलट्या अपेक्षा आहेत. पोलिसाला ती दोन-तीन सेकंदांत हातात मिळाली पाहिजे, आणि दुसऱ्या कुणाच्याही हाती ती अजिबात लागता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधायच्या?

एक जीप आणि कामं दहा

मोठ्या शहरात कामं वाटलेली असतात. कैदी न्यायचा असेल तर वेगळी गाडी, गस्तीला वेगळी, दंगल नियंत्रणाला वेगळी. डोंगराळ तालुक्यात असं होत नाही.

राधानगरी तालुका सह्याद्रीच्या कुशीतला. देवगड-निपाणी रस्ता याच तालुक्यातून जातो आणि दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरून कोकणात पोहोचतो. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेलं इथलं अभयारण्य १९५८ सालचं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक. कोकणातून वर येणाऱ्या या वाटेवर गोवा बनावटीच्या चोरट्या दारूसाठी नाकाबंदी होते. जंगलात शिकारीसाठी शिरणाऱ्यांचा मागही काढावा लागतो. कोल्हापूर शहर इथून सुमारे ५० किलोमीटरवर.

अशा ठिकाणी पोलिसांची एकच गाडी रात्रभरात अनेक कामं करते. ११२ वर कॉल आला की धावते. अपघात झाला आणि रुग्णवाहिकेला उशीर झाला, तर जखमीला हीच गाडी दवाखान्यात नेते. भांडणातला आरोपी याच गाडीच्या मागच्या बाकावर बसतो. पकडलेला माल याच गाडीत येतो. आरोपीला कोल्हापूरला कळंबा कारागृहात किंवा सीपीआर रुग्णालयात तपासणीला न्यायचं झालं, तर तास-सव्वा तासाचा वळणांचा रस्ता.

आता या गाडीत गुडघ्यांमध्ये धरलेली बंदूक डोळ्यांसमोर आणा. तिच्यापासून हातभर अंतरावर कधी जखमी माणूस असतो, कधी दारूच्या नशेतला आरोपी, तर कधी मदत मागायला आलेली बाई आणि तिचं लहान लेकरू.

पोलिसांना बंदूक लागतेच कशाला?

मग गस्तीला बंदूक नेऊच नये, असं म्हणता येईल का? कोल्हापूर जिल्ह्याचाच अनुभव वेगळं सांगतो. जानेवारी २०२० मध्ये पुणे-बंगळुरू महामार्गावरच्या किणी टोल नाक्यावर राजस्थानातून आलेल्या टोळीतल्या गुंडांना पोलिसांनी अडवलं. गुंडांनी गोळीबार केला, पोलिसांनी प्रत्युत्तर दिलं आणि त्यांना पकडलं. टोल नाक्यावर थांबलेल्या वाहनांच्या गर्दीत हे घडलं.

म्हणजे शस्त्राची गरज खरी आहे. ती रोज पडत नाही, पण पडते तेव्हा ठाण्यात जाऊन कपाट उघडायला वेळ नसतो.

बंदूक 'तयार' असते म्हणजे नेमकं काय?

पुढचं समजायला थोडी तांत्रिक माहिती हवी.

भारतीय पोलिसांकडं अनेक वर्षं असलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनतं. ते ब्राउनिंग कंपनीच्या जुन्या रचनेवर आधारलेलं आहे. त्याच्या मॅगझीनमध्ये १३ गोळ्या मावतात. मॅगझीन आत असलं तरी पिस्तूल लगेच झाडता येत नाही. वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, जोरात मागं ओढून सोडावी लागते. तेव्हा पहिली गोळी चेंबरमध्ये जाते. शिवाय सेफ्टीचा खटका असतो. तो लावलेला असेल, तर चाप दाबून काही होत नाही.

थोडक्यात, पिस्तुलाच्या तीन अवस्था असतात. मॅगझीन बाहेर, चेंबर रिकामं: सर्वांत सुरक्षित. मॅगझीन आत, चेंबर रिकामं: मधली अवस्था. मॅगझीन आत, चेंबरमध्ये गोळी: आता फक्त खटका आणि चाप उरतो.

लांब बंदुकांनाही हेच लागू होतं. इन्सास किंवा एसएलआर रायफल तीन फुटांहून लांब असते आणि वजन चार किलोच्या आसपास. जीपमध्ये बसलेला माणूस ती पटकन फिरवू शकत नाही. पण शेजारचा माणूस तिची नळी मात्र पटकन धरू शकतो.

म्हणून 'गाडीत बंदूक कुठं होती' या प्रश्नासोबत 'ती कोणत्या अवस्थेत होती' हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

मुंब्रा बायपासवर काय झालं?

२३ सप्टेंबर २०२४. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे याचा तळोजा कारागृहातून ताबा घेऊन पोलीस त्याला गाडीतून नेत होते. गाडी मुंब्रा बायपासवर असताना आतच गोळ्या झाडल्या गेल्या आणि शिंदेचा मृत्यू झाला.

पोलिसांचं म्हणणं असं होतं की शिंदेनं शेजारच्या अधिकाऱ्याच्या कमरेचं पिस्तूल खेचलं, तीन गोळ्या झाडल्या, त्यातली एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीला लागली आणि मग दुसऱ्या अधिकाऱ्यानं स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली. आरोपीच्या कुटुंबानं हे अमान्य केलं आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठानं सुरुवातीच्या सुनावणीतच जे प्रश्न विचारले, ते याच विषयाच्या मुळाशी जातात. गाडीत इतके पोलीस असताना एका माणसाला आवरता कसं आलं नाही? सराव नसलेल्या माणसाला पिस्तुलाची स्लाइड ओढून गोळी झाडणं इतकं सोपं असतं का? पिस्तुलाचा खटका लावलेला होता की नव्हता?

जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयापुढं आला. त्यात पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरण्यात आलं. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले नसल्याचा मुद्दाही त्यात होता. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं विशेष तपास पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. पोलिसांनी आपली बाजू कायम स्वसंरक्षणाची असल्याचं सांगितलं आहे.

खरं काय ते तपास आणि न्यायालय ठरवेल. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सारखीच लागू होते. पोलिसांचं म्हणणं खरं मानलं, तर आरोपीच्या हाताला लागेल अशा जागी, झाडता येईल अशा अवस्थेत शस्त्र होतं आणि ही गंभीर चूक होती. ते खोटं मानलं, तर 'शस्त्र हिसकावलं' असं सांगायला जागा मिळाली, कारण बंद गाडीत ते शस्त्र कुठं आणि कसं होतं याची कुठलीही स्वतंत्र नोंद नव्हती. दोन्ही शक्यतांमध्ये दोष एकाच ठिकाणी येऊन थांबतो.

'शस्त्र हिसकावलं' हे पहिल्यांदाच ऐकू आलं का?

नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातले चार आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले. त्यांनी पोलिसांची पिस्तुलं हिसकावल्याचं सांगण्यात आलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात आयोगानं पोलिसांची ही कहाणी विश्वासार्ह नसल्याचा निष्कर्ष काढला. जुलै २०२० मध्ये उत्तर प्रदेशात विकास दुबेला नेणारी गाडी उलटली आणि त्यानं पिस्तूल हिसकावून पळायचा प्रयत्न केला, असं तिथल्या पोलिसांनी सांगितलं. त्या प्रकरणात नेमलेल्या चौकशी आयोगाला पोलिसांचं म्हणणं खोडून काढणारा पुरावा मिळाला नाही.

निष्कर्ष वेगवेगळे, पण सुरुवात तीच: ताब्यातल्या माणसाच्या हाताला पोलिसाचं शस्त्र लागलं.

आणि शस्त्र हाताशी नसलं तर?

नाण्याची दुसरी बाजू २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या क्वालिस गाडीत होते, तिच्यावर कसाब आणि त्याच्या साथीदारानं गोळीबार केला. तिघेही अधिकारी शहीद झाले. गाडीच्या मागच्या भागात असलेले हवालदार अरुण जाधव जखमी अवस्थेत वाचले.

दहशतवाद्यांनी तीच गाडी पळवली. मागं जाधव सहकाऱ्यांच्या देहांखाली अडकलेले होते. शस्त्र गाडीतच होतं, पण जखमी हातानं, त्या दाटीत, तिथपर्यंत पोहोचणं त्यांना शक्य झालं नाही. पळवलेल्या पोलीस गाडीतून दहशतवाद्यांनी मेट्रो चौकात लोकांवर गोळ्या झाडल्या. पुढं टायर फुटल्यानं त्यांनी गाडी सोडली, तेव्हा जाधवांनी वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली.

या घटनेतून दोन धडे मिळतात. अरुंद गाडीत लांब शस्त्राची जागा आधीच ठरलेली नसेल, तर ऐन वेळी ते पोलिसाच्याच कामी येत नाही. आणि गाडी गेली की गाडीतलं सगळं जातं.

अपघाताचं काय?

या विषयात अपघाताचा धोका बहुतेक वेळा विसरला जातो. चार किलोची रायफल सीटला नुसती टेकवलेली आहे आणि ताशी ६० किलोमीटरनं जाणारी जीप समोर गवा आल्यानं कशावर तरी आदळली. गाडी थांबते, रायफल थांबत नाही. ती त्याच वेगानं पुढं जाते. हा वेग साधारण चौथ्या मजल्यावरून खाली पडलेल्या वस्तूइतका असतो. गोळी न सुटताही ती समोरच्याचा जीव घेऊ शकते.

गाडी उलटली तर शस्त्र काचेतून बाहेर, झाडीत किंवा दरीत जातं. जखमी पोलिसांना बाहेर काढायला धावलेल्या गावकऱ्यांपैकी कुणाच्याही हाती ते पडू शकतं.

इतर देशांनी काय केलं?

जगात यावर मुख्यतः तीन वाटा दिसतात.

पहिली, शस्त्र गाडीतच कुलूपबंद. न्यूझीलंडमध्ये नेहमीच्या ड्युटीवरचा पोलीस कमरेला पिस्तूल लावत नाही. शस्त्रं गस्ती गाडीतल्या कुलूपबंद पेटीत असतात आणि गरज पडली की बाहेर काढली जातात. नॉर्वेतही अनेक दशकं हीच पद्धत राहिली.

दुसरी, ठरावीक गाड्यांनाच शस्त्र. ब्रिटनमधले बहुसंख्य पोलीस नि:शस्त्र असतात. लंडनमध्ये १९९१ पासून सशस्त्र पथकांच्या खास गाड्या फिरतात आणि त्यांत शस्त्रांसाठी तिजोरी बसवलेली असते.

तिसरी, अमेरिकेची. तिथं पिस्तूल कमरेला असतं आणि लांब बंदूक पुढच्या दोन सीटच्या मधल्या किंवा मागच्या रॅकमध्ये अडकवलेली. रॅकला विजेवर चालणारं कुलूप असतं. लपवलेलं बटण दाबलं की ते काही सेकंदांपुरतं उघडतं आणि पुन्हा बंद होतं. मागं आरोपी बसतो तिथं मध्ये जाळी किंवा जाड काच असते.

पण अमेरिकेलाही धडा मिळालाच. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सरकारी रेंजरच्या खासगी गाडीतून पिस्तूल चोरीला गेलं. चारच दिवसांत त्याच पिस्तुलातल्या गोळीनं फिरायला आलेल्या तरुणीचा जीव घेतला. त्यानंतर कॅलिफोर्नियानं कायदा केला: गाडी सोडून जाताना पिस्तूल आत ठेवायचं असेल तर ते कुलूपबंद डिकीत किंवा बाहेरून दिसणार नाही अशा कुलूपबंद पेटीतच. हा नियम पोलिसांनाही लागू झाला.

आपला कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात एक कडक तरतूद आली. पोलीस किंवा सैन्याकडून बळानं शस्त्र हिसकावून घेणाऱ्याला किमान १० वर्षं आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे हिसकावणाऱ्यासाठी कायदा स्पष्ट आहे.

पोलिसाच्या गोळीनं मृत्यू झाला तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र सरकार' हा निकाल आहे. तारीख २३ सप्टेंबर २०१४, म्हणजे मुंब्रा बायपासच्या घटनेच्या बरोबर दहा वर्षं आधीची. स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, संबंधित पोलिसांची शस्त्रं न्यायवैद्यक तपासणीला देणं असे नियम त्यात आहेत.

पण शिक्षा आणि चौकशी या दोन्ही गोळी सुटल्यानंतरच्या गोष्टी. गोळी सुटू नये यासाठीची व्यवस्था गाडीतच हवी.

राधानगरीसारख्या ठाण्याला काय करता येईल?

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांना चांगलेच माहीत आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि त्यातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. रात्री दोन वाजता कुणी जागं आहे का, कुणाच्या लक्षात आलं का, यावर ते अवलंबून नाही.

शस्त्रांच्या बाबतीत आजवर बहुतेक भर 'सावध राहा' या सूचनेवर आहे. पण बारा तास ड्युटी झालेला, पावसात भिजलेला, घाटात डुलकी येणारा अंमलदार प्रत्येक क्षणी सावध राहील, असं धरून चालता येत नाही. सावधपणाचा काही भाग गाडीवर आणि नियमावर सोपवला पाहिजे.

१. उभा, पक्का रॅक: पुढच्या सीटजवळ, चौकटीला बोल्टनं बसवलेला. लांब बंदूक त्यातच अडकवायची, गुडघ्यांमध्ये नाही. मागच्या बाकावरून हात पोहोचणार नाही अशी जागा हवी.

२. दोन तऱ्हांनी उघडणारं कुलूप: विजेवर चालणारं कुलूप सोयीचं. पण पश्चिम घाटातल्या पावसात वायरिंग बिघडतं, बॅटरी उतरते. म्हणून किल्लीनंही उघडलं पाहिजे आणि ती किल्ली गाडीच्या चावीला जोडलेली नको. गाडी पळवणाऱ्याच्या हाती शस्त्रही लागायचं.

३. मध्ये जाळी: आरोपी बसणारा भाग आणि पुढचा भाग वेगळा.

४. आरोपीशेजारी पिस्तूल नाही: मागं आरोपीला धरून बसणारा अंमलदार शस्त्राविना बसावा आणि शस्त्र पुढच्या अधिकाऱ्याकडं असावं. ज्याला पिस्तूल बाळगावंच लागेल, त्याच्याकडं बटण आणि खाचेत अडकणारं होल्स्टर आणि पिस्तुलाला बांधलेली दोरी हवी. नुसतं पॅंटमध्ये खोचलेलं पिस्तूल हे धोक्याला आमंत्रण.

५. चेंबर रिकामं: प्रवासात चेंबरमध्ये गोळी नको, खटका लावलेला हवा. अपवाद करायचा तर तो कुणी, कधी आणि का केला, याची स्टेशन डायरीत नोंद.

६. निघताना आणि परतताना नोंद: शस्त्राचा क्रमांक, राउंडची संख्या आणि शस्त्राची अवस्था. परतल्यावर मोजणी आणि सफाई. दमट हवेत एक रात्र ओलं राहिलेलं शस्त्र गंजायला वेळ लागत नाही.

७. गाडीत कॅमेरा: आतलं दृश्य टिपणारा. तो आरोपीचं रक्षण करतो तितकंच प्रामाणिक पोलिसाचंही.

यातलं रॅक, कुलूप आणि जाळीचं काम जिल्ह्यातल्या साध्या वर्कशॉपमध्येही होऊ शकतं. नोंदीसाठी तर पैसेही लागत नाहीत.

मग सगळा प्रश्न सुटेल?

नाही. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानानं आपल्याच सरकारी रायफलीनं वरिष्ठ सहकाऱ्याला आणि तीन प्रवाशांना ठार केलं. ज्याच्याकडं किल्ली आहे, त्याच्याच मनात बिघाड झाला तर रॅक काही करू शकत नाही. त्यासाठी ड्युटीचे तास, रजा आणि मानसिक आरोग्य यांकडं बघावं लागतं.

दुसरी अडचण वेगाची. कुलूप उघडायला लागणारे दोन सेकंद एखाद्या चकमकीत महाग पडू शकतात. म्हणून रॅक बसवून भागत नाही, तो अंधारात चाचपडत उघडायचा सरावही लागतो. गोळीबाराच्या सरावाला जसा वार ठरलेला असतो, तसा यालाही हवा.

तिसरी अडचण सवयीची. कुलूप त्रासाचं वाटलं की ते उघडंच ठेवलं जातं. त्यामुळं तपासणी अचानक आणि रात्रीची हवी.

तरीही या व्यवस्थेचा एक फायदा असा आहे, जो कुठल्याही चौकशी आयोगानं नंतर मिळत नाही. शस्त्राची जागा ठरलेली असली, कुलूप असलं, नोंद असली, तर 'त्यानं हिसकावलं' हे वाक्य तपासून बघता येतं. ते खरं असेल तर पोलिसाला पुरावा मिळतो आणि वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. ते खोटं असेल तर ते उच्चारायची सोयच राहत नाही. ताब्यातल्या माणसाचा जीव आणि त्याला नेणाऱ्या पोलिसाचा जीव, दोन्ही त्याच एका कुलपावर अवलंबून आहेत.